सख्याला मारून दाखव

"सरक जरा," विनायकराव म्हणाले.

मी खुर्ची मागे घेतली. त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला, मी टाइप केलेलं नाव पुसलं आणि त्या जागी माझ्या बापाचं नाव टाकलं.

पूर्ण नाव नाही. पूर्ण नाव त्यांना ठाऊकच नव्हतं. नुसतं 'सख्या'.

"आता कसं झालं," ते म्हणाले. "निरोप पोचवायचं काम आहे ना? मग सख्याहून लायक कोण?"

सर्व्हर रूममध्ये बँकेचे आणखी दोघं आयटीवाले होते. ते हसले. वाईट हसले नाहीत. मला हेच सांगायचंय. त्या इमारतीत कुणीच कधी वाईट हसलं नाही. पाळलेल्या कुत्र्यानं पंजा पुढे केला की माणसं हसतात ना कौतुकानं, तसं हसले.

मी स्क्रीनकडे बघत बसले.

गिरगावातली जुनी सहकारी बँक. पितळी कठड्याचा लाकडी जिना. भिंतीवर गेलेल्या अध्यक्षांच्या तसबिरी, त्यांना चंदनाचे हार. तळमजल्यावर काउंटर, वर साहेबलोक, आणि मागे जिथे पूर्वी जुनी कागदपत्रं कुजत पडलेली असायची तिथे आता काचेचं दार लावून सर्व्हर रूम. विनायकराव आयटीचे प्रमुख. बँकेत सगळेच एकमेकांचे 'राव'. विनायकराव, मोहनराव, श्रीधरराव. माझा बाप याच बँकेत शिपाई होता. आयुष्य काढलं त्यानं तिथे. तो सख्या.

मी अंधेरीच्या एका कंपनीतून आले होते. बँकेच्या सर्व्हरवर निरोपांच्या रांगेचं सॉफ्टवेअर बसवायला. सोप्या भाषेत सांगते. एका शाखेत कुणी पैसे भरले की तो निरोप मुख्य यंत्राकडे जायला हवा. मुख्य यंत्र त्या क्षणी बंद असलं तर? निरोप हरवता कामा नये. हे सॉफ्टवेअर तो निरोप रांगेत जपून ठेवतं, समोरचं यंत्र जागं झालं की पोचवतं, आणि एकदाच पोचवतं. एवढंच. विनायकराव त्याला दर वाक्यात 'एंटरप्राइज' म्हणायचे. शब्द तोंडात घोळवायचे, आंब्याची कोय घोळवावी तसे.

असं सॉफ्टवेअर बसवताना त्याच्यासाठी सर्व्हरवर एक वेगळं खातं उघडावं लागतं. ते माणसाचं खातं नसतं. त्याला पासवर्ड नाही, लॉगिन नाही. त्यानं फक्त राबायचं. नेमून दिलेल्या फोल्डरबाहेर पाऊल टाकायचं नाही. जगभर या खात्याला काहीतरी रुक्ष तांत्रिक नाव देतात. मीही तेच दिलं होतं. पण या बँकेची रीत वेगळी. इथे सर्व्हरना देवांची नावं. गजानन, अन्नपूर्णा, महालक्ष्मी. आणि राबणाऱ्या खात्यांना शिपायांची. बॅकअप घेतो तो बारक्या. छपाई करतो तो तुक्या. विनायकरावांनीच पाडलेली पद्धत. आल्यागेल्याला हसत सांगायचे, "देव मशीनमध्ये, नोकर खात्यात."

नव्या पोरांना वाटायचं, गंमत आहे. बारक्या आणि तुक्या ही खरी माणसं होती, त्यांना बायकापोरं होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आता कुणी विचारेल, तू तेव्हाच का नाही बोललीस? नाही बोलले, कारण मला कायम व्हायचं होतं. मी कंत्राटावर होते. माझ्या साहेबानं स्पष्ट सांगितलं होतं, ही बँक जुनी गिऱ्हाईक आहे, विनायकरावांनी कामावर पसंतीची सही केली की तुला कायम करतो. सगळं त्या सहीवर अडलेलं. ते विनायकरावांना पक्कं माहीत होतं. आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं.

आल्या दिवशी मी त्यांना 'तुम्ही' होते. गेटवर पास करताना त्यांनी आडनाव वाचलं, तांबे, आणि त्यांचा चेहरा फुलला.

"तांबे म्हणजे कुठल्या?"

"रत्नागिरीकडच्या."

"वा, म्हणजे आमच्याच बाजूच्या. गाव कुठलं? कुलदैवत?"

ही परीक्षा मी शाळेपासून देत आलेय. आडनाव दोन्हीकडे चालणारं असलं की या लोकांची फार पंचाईत होते. सरळ विचारता येत नाही, आणि विचारल्याशिवाय चहा गोड लागत नाही. मग गाव विचारतात, देव विचारतात, लग्नं कुठे होतात ते विचारतात. आम्ही बौद्ध. घरात भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. कुलदैवत नाही. मी म्हटलं, "लहानपणापासून मुंबईतच, सर. फारसं माहीत नाही." त्यांनी त्यांच्या सोयीचा अर्थ काढला. बशीतल्या कपातून चहा आला. "घ्या ना, बिस्किट घ्या. तुमच्यासारख्या हुशार मुली या फील्डमध्ये यायला हव्यात." स्वतः उठून पंखा वाढवला.

मोठं सुख असतं हो त्यांच्यातलं असण्यात. मी अर्धा दिवस चाखून बघितलं.

दुपारी डबे उघडले. कॅशमधल्या एक जुन्या बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. म्हणाल्या, "तू सख्याची मुलगी ना गं? डबा घेऊन यायचीस. डोळे तसेच्या तसे."

मी हो म्हटलं.

विनायकरावांचा घास हातात राहिला. क्षणभरच. मग ते मोठ्यानं हसले. "अरे! सख्याची तू? मग सांगायचं नाही का आधी!" झालं. तिथे 'तुम्ही' संपलं. पुन्हा आलं नाही. आणि पुढचं वाक्य, "मग आज चहा तूच टाक. बघू, सख्याच्या हाताची चव उतरलीय का."

तोपर्यंत चहा कँटीनवाला आणून देत होता. तोही तिथेच उभा होता, किटली घेऊन.

मी उठले आणि चहा टाकला. पँट्री तीच होती. खिडकीच्या गजाशी एक कानतुटका कप असायचा, एकटा, बाकीच्या कपांपासून लांब. तो बाबांचा. लहानपणी मला वाटायचं, बाबांचा वेगळा कप म्हणजे बाबा किती मोठे. तो कप आता नव्हता. खिडकीत तुळस होती. विनायकरावांनी चहाचा घोट घेतला, मान डोलावली आणि म्हणाले, "रक्तात असतं."

ही सभ्य माणसं. आवाज चढवत नाहीत. चढवायची वेळच आली नाही कधी. शिवी द्यायची तर तीही पाठीवरून हात फिरवत देतात. उघड शिवी दिली तर माणूस उलटून बोलू शकतो. कौतुकावर काय बोलणार? हीच त्यांची सगळी अक्कल.

नाव टाकल्यानंतरही मला त्याच खोलीत बसून काम करायचं होतं. सॉफ्टवेअर चढवलं. त्याच्या परवान्याच्या अटी मान्य केल्या. निरोप साठवायला वेगळी डिस्क दिली. रांगा तयार केल्या. चाचणीचा निरोप पाठवला, पलीकडे पोचला. सर्व्हरवर चालू कामांची यादी काढली की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला त्या कामाच्या मालकाचं नाव येतं. ओळीमागून ओळ, सख्या, सख्या, सख्या. आणि आयटीवाल्या पोरांना नवा खेळ मिळाला. "सख्या झोपला वाटतं." "सख्या जाम मेमरी खातोय." "सख्याला जास्त हक्क देऊ नका हां, डोक्यावर बसेल." आमच्या धंद्यात चालू काम बंद करण्याला मारणं म्हणतात, हुकूमच तसा आहे. म्हणून दिवसातून कितीदा तरी ऐकायचं, "सख्याला मार आणि परत उठव." मी मारत होते, उठवत होते. तोंड मिटून.

घरी बाबांना मी काही सांगितलं नव्हतं. एक दिवस परळला घरी गेले तर गॅलरीत चार शेजारी जमलेले, बाबा मधे. पेढ्यांचा पुडा उघडा.

"अगो बाय," बाबा म्हणाले, "विनायकरावांचा फोन होता. मशीनला माझं नाव दिलंनी म्हणे. तू बोललीस नाय?"

मी म्हटलं, "हो, दिलंय."

"लोकांची नावं रस्त्यांना देतात. माझं मशीनला," बाबा शेजाऱ्यांना म्हणाले. "पाडव्याला कार्यक्रम ठेवलाय. मला बोलावणं आहे. चेअरमन येणार."

माझा पेढा हातातच राहिला. काय सांगणार होते मी? की बाबा, मशीनला देवाचं नाव आहे, तुमचं नाव त्या मशीनच्या नोकराला आहे? की पोरं दिवसभर तुम्हाला मारून उठवतात? शेजारच्या काकूंनी बाबांना दुसरा पेढा भरवला. मी आत जाऊन तोंड धुतलं.

बँकेच्या बोलावण्यावर बाबा कसे धावतात, ते मला नवं नव्हतं. निवृत्त होऊनही श्रावणातल्या सत्यनारायणाला त्यांना दरवर्षी फोन यायचा. टेबलं हलवायची, चौरंग काढायचा, केळीचे खांब बांधायचे. ते बांधायचे, हौसेनं. आणि भटजी येऊन बसले, कथा संपत आली, की काहीतरी आणायचं राहिलेलं असायचं. दरवर्षी. कधी कापूर, कधी विड्याची पानं. "सख्या, जरा पळ रे." बाबा पळायचे. परत येईपर्यंत आरती झालेली असायची. प्रसाद दुसरा शिपाई वाटायचा, बाबांना कागदात बांधून मिळायचा. कुणी त्यांना कधी बाहेर हो म्हटलं नाही. छे, तसलं ते बोलतच नाहीत. फक्त कापूर संपायचा. बाबांना हे कधी कळलं की नाही, कोण जाणे. मला लहानपणी एकदा डबा घेऊन गेले तेव्हाच कळलं. ताटात कापराची अख्खी डबी होती.

पाडव्याला बँक बंद, म्हणून सॉफ्टवेअर चालू करायचा मुहूर्त त्या दिवशी काढला होता. खाली गिरगावात शोभायात्रा, ढोल नुसते घुमत होते. साहेबलोक मिरवणुकीतूनच वर आले, फेटे, कुर्ते, नथी. चेअरमन आले. सर्व्हरला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. विजेच्या यंत्राला ओला हार घालू नका, असं मी एकदा म्हणून बघितलं. "श्रद्धेचा भाग असतो गं," असं उत्तर आलं.

बाबा वेळेच्या आधीच आले होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. काचेच्या दाराबाहेर चपला काढून, हात पुढे बांधून उभे. खुर्च्या बऱ्याच रिकाम्या होत्या. बस म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मी खुर्ची ओढून दिली, तर बाबा म्हणाले, "राहू दे, राहू दे," आणि जास्तच भिंतीला टेकले.

आरतीचं ताट आलं. निरांजन लागलं. आणि विनायकरावांनी ताटावरून नजर फिरवली, मग दाराकडे.

"सख्या, कापूर राहिला बघ. जरा पळ रे खाली."

ताटात कापराची डबी होती. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. झाकण उघडं होतं. पांढऱ्या वड्या दिसत होत्या, गच्च भरलेल्या.

बाबा पळाले. त्या वयात. त्या जिन्यावरून. पाहुणा म्हणून बोलावलेला माणूस.

मला वाटलं होतं, मी मोठी होईपर्यंत हे लोक बदलले असतील. काही नाही. दगडी पाट्याला पाझर फुटेल एक वेळ. कापूर तसाच होता, तोच हुकूम होता, फक्त आता समोर सत्यनारायणाऐवजी सर्व्हर होता. देव बदलला तरी चालतो यांना. बाहेर कुणाला पाठवायचं ते बदलत नाही.

आरती झाली. डबीतलाच कापूर जळला. चेअरमननी माझ्याकडे न बघता विचारलं, "पण हे मशीन बंद पडलं तर? निरोप बुडाले तर?"

"तेच तर दाखवायचंय साहेब," विनायकराव म्हणाले. "गजाननवर हा सख्या राबतोय. समजा इथे मेला, तर पलीकडे अन्नपूर्णावर आपोआप उठतो. एकही निरोप हरवत नाही. एंटरप्राइज आहे." मग माझ्याकडे वळून, "चल, सख्याला मारून दाखव."

नेमके तेव्हाच बाबा दारात आले. धाप लागलेली. शर्टाला घामाचे डाग. हातात कापराची पुडी.

सगळ्यांनी एकदम तिकडे बघितलं आणि खोलीत हशा उसळला. चेअरमनसुद्धा हसले. "सख्या, बघ रे बाबा, तुझीच मुलगी तुला मारायला निघालीय," विनायकराव म्हणाले.

बाबांना काय चाललंय ते कळलं नाही. पण साहेब हसताहेत म्हणजे आपण हसायचं, हे त्यांना फार जुनं पाठ होतं. ते हसले. पुडी धरलेल्या हातानंच त्यांनी नमस्कार केला.

"मारा साहेब, मारा," बाबा म्हणाले. "मी उठेन परत."

टाळ्या पडल्या.

हुकूम स्क्रीनवर टाइप करून तयार होता. नुसतं एंटर दाबायचं होतं. मी हात कीबोर्डवरून काढले आणि मांडीवर ठेवले.  इतका राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि तो सगळ्यात आधी माझ्या बापाच्या हसण्याचा आला.

"मी नाही मारणार," मी म्हटलं.

"अगं, डेमो आहे."

"काय आहे ते मला माहीत आहे. मीच बसवलंय."

हसू ओसरलं. विनायकराव खाली वाकले, हळू आवाजात म्हणाले, "चेअरमन समोर आहेत. तमाशा नको."

मी हळू बोलले नाही. "माझ्या वडिलांचं नाव सखाराम धोंडू तांबे. इतकी वर्षं तुमची उष्टी भांडी उचलली त्यांनी. या खोलीत एकालाही हे नाव माहीत आहे का?"

 कॅशमधल्या बाई प्रसादाच्या द्रोणात बघू लागल्या. बाबा म्हणाले, "अगो, गप."

"आपुलकीनं ठेवलंय आम्ही ते नाव," विनायकराव म्हणाले. खरोखर दुखावले होते ते. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "फार मनाला लावून घेतेस तू."

"आपुलकीच होती तर तुमच्या वडिलांचं नाव ठेवायचंत. त्यांना मारून उठवायचंत दिवसभर."

त्यांचे वडील बँकेचे जुने अध्यक्ष. काचेपलीकडच्या भिंतीवर होते, तसबिरीत, चंदनाच्या हारात. सगळ्यांनी एकदा तिकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"तुझी सही माझ्याकडे बाकी आहे. लक्षात असू दे," विनायकराव म्हणाले. यावेळी आवाज गोड नव्हता. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हा माणूस खरं बोलला.

"लक्षात आहे," मी म्हटलं आणि उठले.

ते माझ्या खुर्चीत बसले आणि त्यांनीच एंटर दाबलं. गजाननवरचा सख्या मेला. अन्नपूर्णावर उठला. एकही निरोप हरवला नाही. माझं काम चोख होतं, म्हणून त्यांचा खेळही चोख झाला. पुन्हा टाळ्या पडल्या, यावेळी जरा जपून.

मी बाबांच्या हातातली कापराची पुडी घेतली आणि आरतीच्या ताटात, त्या भरल्या डबीशेजारी ठेवली. सगळ्यांना दिसेल अशी. मग बाबांचं मनगट धरलं आणि जिना उतरले. वरून कुणी थांबवलं नाही. ढोल चालू होते, फेटेवाल्या पोरी मोटारसायकलींवरून जात होत्या, सगळा गिरगाव संस्कृतीत न्हाऊन निघाला होता.

 घरी आल्यावर बाबांनी शर्ट काढला, खुंटीला लावला, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हसत होतो ना मी? मग तुला काय झालं?"

"तुम्ही हसत होतात, तेच झालं," मी म्हटलं.

"मोठी माणसं आहेत ती. आपण आपली पायरी..."

"ती मोठी नाहीत, बाबा. तुम्ही वाकून बघता म्हणून तशी दिसतात."

ते चिडले. म्हणाले, त्यांचं मीठ खाल्लंय आपण, तू शिकलीस ती त्याच पगारावर. मी म्हटलं, मीठ नव्हतं ते, मजुरी होती, तुम्ही राबलात म्हणून मिळाली. मग कापराच्या डबीचं सांगितलं. सगळं सांगितलं, लहानपणी पाहिलेलंही. बाबा खुंटीवरच्या शर्टाकडे बघत राहिले.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "मी काय आंधळा होतो?"

म्हणजे कळत होतं. दरवर्षी कळत होतं, आणि दरवर्षी ते पळत होते. हे ऐकून मला जे झालं ते मी कुणाला सांगू शकत नाही. खोलीच्या बाहेर जाऊन उभी राहिले. त्या लोकांचा तिटकारा मला आधीपासून होता. त्या क्षणी तो कायमचा मुक्कामाला आला.

सही झाली नाही. अंधेरीच्या साहेबानं मला केबिनमध्ये बसवून सांगितलं की काम उत्तम आहे, पण गिऱ्हाइकाशी वागण्याचा प्रश्न आहे. मी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "नावात काय आहे?" मी म्हटलं, मग तुमचं देऊ या. कंत्राट संपलं, नवं दिलं नाही. आता लोअर परळला दुसऱ्या कंपनीत आहे. तिथेही कंत्राटच. बँकेतल्या एका आयटीवाल्या पोरानं मधे मेसेज करून सांगितलं, खात्याचं नाव अजून तेच आहे, सॉरी ताई. त्याला मी उत्तर दिलं नाही. सॉरीनं नाव बदलत नाही, आणि बदलणं त्याच्याही हातात होतं.

श्रावण लागला. एका सकाळी बाबा मोरीत दाढी करत होते आणि फळीवर त्यांचा फोन वाजला. मी उचलला.

"सख्या आहे का?" ओळखीचा आवाज, तोच मऊ, तूप लावलेला.

"कोण बोलतंय?" मी म्हटलं. "विन्या का?"

 मोरीत वस्तरा थांबला.

"कोण आहे तिकडे?"

"सखाराम तांबेंच्या घरी फोन लागलाय. सख्या म्हणून इथे कुणी राहत नाही. आणि टेबलं उचलायची असतील तर तुमची माणसं उचला. कापूर आधीच आणून ठेवा, भरपूर."

"पायरी सोडून बोलते आहेस तू."

"हो," मी म्हटलं. "सोडली."

फोन ठेवला. बाबा मोरीच्या दारात उभे होते, अर्ध्या गालाला फेस. "मला द्यायचास," ते म्हणाले. "मी बोललो असतो."

"म्हणून नाही दिला."

त्यांनी दाढी पुरी केली. इस्त्रीचा शर्ट घातला, जायचंच असल्यासारखा. बटणं लावली. मग गॅलरीत खुर्ची टाकून बसले ते दुपारपर्यंत तसेच, कडक कॉलर, पाठ माझ्याकडे. जेवले नाहीत. त्या दिवशी त्या बँकेत टेबलं दुसऱ्या कुणी तरी हलवली असतील, आणि दुसऱ्याच कुणाला कापूर आणायला पाठवलं असेल. मी बाबांची समजूत काढायला गेले नाही. ताट झाकून ठेवलं.

ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांची ओळख मी तोडली म्हणतात, आयुष्यभराची. तोडली. त्यांना वाईट वाटतंय ते मला दिसतं, आणि दिसूनही मी माघार घेणार नाही. माझ्या बापाला दुःख झालेलं मला चालेल. त्याला हाक मारून पळवलेलं चालणार नाही. ज्याला त्याच्याशी बोलायचं असेल त्यानं सखारामराव म्हणायचं. नाही म्हणवत, तर ऐकून घ्यायला मी आहे.

आता फोन फळीवर नसतो. माझ्या उशाशी असतो. वाजला की मीच उचलते.